दिंडोरीच्या ताईंची कार्डं

आमच्या घरात त्याला पत्त्यांचा अड्डा म्हणत. महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी मी पिशवी उचलली, की आमचे हे पेपराच्या आडून विचारायचे, "आज पिसणार कोण?" आम्ही पत्ते खेळत नाही, पत्त्याएवढी कार्डं हाताने करतो आणि एकमेकांना देतो, हे मी त्यांना निदान वीस वेळा सांगितलं असेल. "विकत नाही?" नाही. "मग करता कशाला?" या प्रश्नाला उत्तर देण्यापेक्षा चपला घालणं सोपं होतं.

आता ती बैठक भरत नाही. खोलीत सोसायटीने जिमची यंत्रं आणून टाकली, एक जण मुलीकडे बडोद्याला गेले, एकीचे गुडघे गेले. पण शेवटचा रविवार आला की माझा हात अजून पिशवीकडे जातो, आणि मग मी उगाच कपाट आवरायला काढते.

आम्ही सहा जण होतो. लॉकडाऊन उठल्यावर माणसांना माणसं बघायची इतकी भूक लागली होती, की कुणी कशाच्याही निमित्ताने जमायचं. आम्ही कार्डांच्या निमित्ताने जमलो. कॉलेज रोडच्या मागे एका सोसायटीत तळमजल्यावर मीटिंगची खोली होती. एक लांब टेबल, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि पाणी सुटण्याच्या वेळा लिहिलेला फळा. प्रत्येकाने पाच कार्डं करून आणायची, बाकीच्या पाच जणांना एकेक द्यायचं आणि घरी जाताना पाच निराळ्या हातांची कार्डं घेऊन जायचं. मागच्या बाजूला नाव आणि महिना. कुणी जुन्या लग्नपत्रिका कापून चिकटकाम करायचं, कुणी जलरंग, कुणी वहीत दाबून वाळवलेली पानं. आमच्यातले एकुलते एक पुरुष अंबडच्या एका कारखान्यात साचे घडवणाऱ्या टूलरूममधून निवृत्त झालेले. आम्ही त्यांना काका म्हणायचो. सगळ्यांचे कोरे पुठ्ठे तेच कापून आणायचे. एकावर एक रचले तर गठ्ठ्याची बाजू काचेसारखी सपाट लागायची. स्वतःच्या कार्डावर मात्र ते दर महिन्याला एक त्रिकोण आणि एक वर्तुळ काढायचे आणि आम्ही त्यात दर महिन्याला नवीन अर्थ शोधायचो.

मी मिळालेली कार्डं व्हिजिटिंग कार्डांच्या अल्बममध्ये ओळीने लावते. त्याला डिंकाचा वास अजून आहे. तो वास आला की ती खोली, तो लिंबू घातलेला चहा आणि सगळ्यांचं एकदम बोलणं डोळ्यांसमोर उभं राहतं.

आता एक कबुली. आमच्या बैठकीला जो एकच नियम होता, तो माझ्यामुळे झाला. मी एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. चूक दिसली की बोट आपोआप तिकडे जातं. दुसऱ्याच बैठकीत मी एका बाईंना सांगून टाकलं, की त्यांच्या मोराची मान बदकाची झाली आहे. झालीच होती. पण त्या बाईंनी चहा तसाच ठेवला आणि डोक्याचं निमित्त करून उठून गेल्या. पुढच्या महिन्यात मी खोलीत शिरले, तर फळ्यावर पाण्याच्या वेळांच्या खाली काकांच्या रेखीव अक्षरात लिहिलेलं होतं: कार्ड हातात आलं की एक चांगली गोष्ट सांगायची. नावं ठेवायची नाहीत. सगळे फळ्याकडे न बघता माझ्याकडे बघत होते.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, पण मी जिवंतपणी घालवून दाखवली. तोंडाला कुलूप लावलं. इतकं, की पुढे पुढे मला त्याचा अभिमान वाटायला लागला.

दिंडोरीच्या ताई सगळ्यांत शेवटी आल्या. त्याच सोसायटीत त्यांची लेक राहते. तिच्याकडे आल्या असताना उघड्या दारातून त्यांनी आत बघितलं आणि विचारलं, "हितं काय चाललंय?" आम्ही दाखवलं. त्यांनी दहा-बारा कार्डं उलटसुलट करून पाहिली आणि पुढच्या महिन्यात स्वतःची पाच घेऊन हजर झाल्या. घरची द्राक्षबाग, पासष्टीच्या पुढचं वय, एसटीने यायच्या, आणि पिशवीत कार्डांबरोबर सगळ्यांसाठी काहीतरी असायचंच, बेदाणे नाहीतर मेथीच्या जुड्या.

त्यांचं काम पुठ्ठ्यावर भरतकामाचं. द्राक्षांच्या पेटीचा पुठ्ठा काकांकडून कापून घ्यायचा. कडेने जुन्या कंगव्याचे दात टेकवून सुईने सारख्या अंतरावर भोकं पाडायची. ते काम त्या गप्पा मारता मारता, न बघता करायच्या. मग त्या भोकांतून धावदोऱ्याची चौकट घालायची आणि आत चित्र. द्राक्षं गाठीच्या टाक्याची, पानं साखळीची. माझ्याकडे त्यांचं पहिलं कार्ड आहे. बागेतली एक तार आणि तिच्यावर शेपटी वर केलेला बुलबुल, बस. मी वर्गात शंभरदा सांगितलं असेल की थोडक्यात काढा, पण थोडक्यात म्हणजे काय ते मला त्या कार्डाने शिकवलं. त्या मला बाई म्हणायच्या, शाळेतल्या मुलांसारखं. माझ्या शेजारची खुर्ची त्यांची ठरून गेली होती.

दोन-अडीच वर्षं अशी गेली. मग एका महिन्यात त्यांच्या कार्डांची चौकट अपुरी आली. तीन बाजू धावदोरा, आणि खालची बाजू निम्म्यावर सुटलेली. कार्ड हातोहात फिरलं. नियमाप्रमाणे चांगली गोष्ट सांगायची होती. एक जण म्हणाली, "किती मोकळं वाटतंय, चौकटीला श्वास मिळालाय." काका म्हणाले, "बाजू उघडी सोडायला धाडस लागतं." ताईंनी सगळ्यांकडे बघितलं आणि पदर सारखा केला.

पुढच्या महिन्यातही चौकट उघडी. त्याच्या पुढच्या महिन्यात घडाच्या एका अंगाला गाठी नाहीतच, नुसती पुठ्ठ्याची जागा. "अर्धा घड पाखरांनी खाल्ला," कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांनी वाहवा केली. आणि आता लिहिताना मान खाली जाते ती याने, की त्याच्या पुढच्या महिन्यात आमच्यातल्या तिघांनी आपापल्या कार्डांची चौकट खालून उघडी सोडून आणली. काकांनीसुद्धा वर्तुळ पुरं केलं नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, आमच्या गोठ्यात तर एकही भरलेला नव्हता.

पण मला माहीत होतं. बाकीच्यांना नसेल, मला होतं. त्या महिन्यात ताईंचं कार्ड हातात आल्यावर मी ते खिडकीच्या उजेडाला धरलं. चौकटीच्या चारही बाजूंना भोकं होती, कंगव्याच्या अंतराने, शेवटपर्यंत. खालच्या भोकांतून उजेड येत होता. ज्या बाजूला दोरा घालायचाच नाही, तिथे कुणी भोकं पाडून ठेवतं का? हे ठरवून सोडलेलं नव्हतं. हे राहून गेलेलं होतं. त्याच दुपारी ताईंच्या कोपराने शेजारचा चहा सांडला. त्या एसटीने यायच्या थांबल्या होत्या, सून गाडीवरून सोडायची. तेही मी बघत होते. आणि कार्ड खाली ठेवून मी म्हटलं, "रंग सुरेख जमलेत, ताई."

रंग जमलेच होते. खोटं बोलले नाही मी. एवढंच काय ते माझ्या बाजूने.

त्यानंतर दोन महिने ताई आल्या नाहीत. तिसऱ्या महिन्यात लेकीने खोलीत येऊन सांगितलं. बागेत ठिबकच्या नळीला अडखळून त्या पडल्या, मनगटाला लागलं, आणि दवाखान्यातल्या डॉक्टरांना संशय आला म्हणून डोळे तपासले. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू. मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता. यात गेलेली नजर परत येत नाही. राहिलेली राखायची, रोज थेंब घालून. काका उठून फळा पुसायला लागले. पाण्याच्या वेळासुद्धा पुसून टाकल्या.

मी दुसऱ्या दिवशी दिंडोरीची एसटी धरली. ताई घराच्या ओट्यावर बसल्या होत्या. बागेत छाटणी चालू होती, कात्र्यांचा आवाज येत होता. मी समोर बसले तर त्यांनी मान जरा वळवून मला बघितलं, दाराच्या फटीतून बघावं तसं.

"बाई, तुम्ही व्हय? बसा. च्या टाकायला सांगते."

मी चहा नको म्हटलं. वाटेत जे जे ठरवलं होतं ते सगळं विसरले आणि म्हटलं, "ताई, मला दिसलं होतं."

"मला ठाव हाय," त्या म्हणाल्या. "तुम्ही कार्ड उजेडाला धरलं व्हतं. मला वाटलं, आता बाई बोलतील."

"नियम होता ना."

"नियम!" त्या इतक्या जोरात म्हणाल्या, की बागेतल्या एका बाईने मान वर केली. "घरात डोळ्यांचं बोलले असते तर म्हणले असते, वय झालं, बस आता गप. म्हणून नाय बोलले. मनात म्हटलं, तिथं बाई हायेत, एवढी पोरं तपासली त्यांनी, त्यांना कळंल. त्या म्हणतील, ताई, हे चुकलंय, डोळे दाखवा. मग घरात सांगता येईल, बाईंनी सांगितलंय म्हणून. अन् तुम्ही सगळे म्हणाले, लय भारी. मलाबी बरं वाटलं हो. मग मीच म्हटलं, आसंल कला."

आणि त्या हसल्या. मला हसता आलं नाही. त्या चिडलेल्या असत्या तर मी ऐकून घेतलं असतं, पण त्या हसल्या तेव्हा मला रडू फुटलं. वर्गात मी पोरांना रडवलंय, त्यांच्यासमोर रडले नाही कधी. ताईंनी माझा हात शोधला, पहिल्यांदा चुकला, मग सापडला.

"लवकर गेले असते तर वाचली असती का नजर?" त्या म्हणाल्या. "डॉक्टर म्हणतात, थोडी वाचली असती. किती, ते नाय सांगत. मी पण इचारत नाय."

मीही नंतर एका ओळखीच्या डॉक्टरांना अल्बम दाखवला. कार्डांवरून असं काही सांगता येत नाही, असं ते म्हणाले, आणि माझी समजूत घातली. मी ती घालून घेतली नाही. अल्बममध्ये ती पानं ओळीने आहेत. पुरी चौकट, पुरी चौकट, मग उघडी, उघडी, आणि मध्ये गप्प बसलेली मी.

दिवाळीनंतरच्या बैठकीला ताई आल्या. लेकीने हाताला धरून आणलं, माझ्या शेजारच्या खुर्चीत बसवलं. मनगट बरं झालं होतं. पिशवीतून त्यांनी कार्डं काढली आणि सगळ्यांनी एका सुरात "वा वा" केलं, पूर्वीपेक्षा दुप्पट गोड आवाजात, आजारी माणसाशी बोलतात तसं. ताईंनी ते ऐकून घेतलं. मग एक कार्ड माझ्यापुढे सरकवलं, सुई-दोरा त्याला अजून लटकत होता.

"बाई, बोला."

काकांनी माझ्याकडे बघून हळूच मान हलवली, नको म्हणून. मी कार्ड उचललं. जांभळ्या दोऱ्याचा घड होता, देखणा होता, आणि खालची चौकट डावीकडे सुटली होती.

"घड चांगला आहे," मी म्हटलं. "चौकटीची सहा भोकं रिकामी राहिलीत. आणि पानाचा देठ फांदीला लागलेला नाही."

कुणीतरी श्वास आत ओढला. ताईंच्या चेहऱ्यावरचा ताण मात्र उतरला, मला तो स्पष्ट उतरताना दिसला.

"कुठं? बोट ठेवा माझं."

मी त्यांचं बोट धरून पहिल्या रिकाम्या भोकावर ठेवलं. त्यांनी सुई खालून वर काढली, दोरा ओढला, बोटाने पुढचं भोक चाचपलं. टेबलाभोवतीचे सगळे खुर्च्या सरकवून जवळ आले. एक, दोन, तीन टाके बरोबर पडले. चौथा चुकला. तोही मी सांगितला.