पहिला मान

पुंजाजी आमच्या गावच्या म्युनिसिपल कमिटीत निवडून गेले, कारण ते कोणालाच नको नव्हते. आमच्या वॉर्डातून कापसातली सरकी काढायचं जीन चालवणारे शेठ आणि देशमुख दोघेही उभे राहणार होते. मग दोघांनी एकमेकांना अट घातली, तू बसलास तर मी बसतो. दोघेही बसले आणि उभं राहायला कोणीतरी निरुपद्रवी माणूस हवा झाला. पुंजाजींची बारा एकर जमीन होती, एक बैलजोडी होती आणि घरात त्यांना कोणी काही विचारत नसे. गावाला एवढं पुरलं.

बाकीचे मेंबर बैठकीला चहासाठी जात. पुंजाजी नवा फेटा बांधून जात आणि दुसऱ्याचं बोलणं संपेपर्यंत ऐकत. ही वाईट खोड आहे हे त्यांना कोणी सांगितलं नाही. त्या काळी वऱ्हाडचा कारभार मध्यप्रांताबरोबर नागपुराहून चाले, आणि एकदा तिकडून हुकूम आला की वाढत्या गावांनी पुढच्या पन्नास वर्षांचा विचार करून नकाशा पाठवावा. महादेवराव पाटील कमिटीचे अध्यक्ष होते. त्यांनी हुकूम दोनदा वाचला, "पन्नास वर्सानं आपन कोन कोठी राहू" असं म्हणाले आणि कागद सगळ्यात नव्या मेंबरकडे सरकवला. सरकवलेलं काम कोणी खरंच करील असं त्यांच्या मनातही नव्हतं.

शाळेत चित्रकला शिकवणारे युसूफमास्तर पुंजाजींचे दोस्त. दोघं उन्हाळाभर साखळी ओढत गाव मोजत फिरले. मास्तरांनी नकाशा असा काढला की बघत राहावं. घरं पिवळी, बाजार लाल, जिनं निळी, बागा हिरव्या. गावात बाग एकही नव्हती. नकाशात चार होत्या. पुंजाजी तर त्या कागदाच्या प्रेमातच पडले. ओट्यावर येईल त्याला धरून सांगायचे, "तुमचं घर पिवळ्यात हाय, चिंता नोका करू. गोठा मात्र लालात जाते." एकदा एकाने शांतपणे उत्तर दिलं, "बरं झालं सांगतलं. म्हशीले कळवतो." लोक त्यांना 'पुढचे पुंजाजी' म्हणू लागले. त्यांना तो किताब वाटला.

सगळा नकाशा अडला तो एका जागेवर, नाल्याकाठच्या स्मशानावर. कापसाला बरे दिवस आले होते. हंगामात पार धामणगाव बढ्यापासूनच्या गाड्या आमच्या गावात येऊन उभ्या राहत. घरं वाढत वाढत नाल्यापर्यंत गेली आणि तिकडे कोणाला अग्नी दिला की धूर थेट लोकांच्या चुलीपाशी यायचा. कापसाचा नवा बाजार भरवायला जागाही तीच, नकाशातली लाल. म्हणजे स्मशान हलवायला हवं. कबरस्तानही एका आखलेल्या रस्त्यात येत होतं, पण युसूफमास्तर म्हणाले, "पुंजाजीभाऊ, आमचे लोक एकदा झोपले की उठत नाहीत. तुमचा रस्ताच थोडा सरकवा." रस्ता रबराने पुसून सरकवला. स्मशान मात्र रबराने हलणारं नव्हतं.

कमिटीने शेगाव रस्त्याला, गावापासून चांगलं दूर, नवं स्मशान बांधलं. पत्र्याची शेड, दगडी ओटे, गोड्या पाण्याची विहीर, दुतर्फा निंबाची झाडं आणि थेट फाटकापर्यंत खडीचा पक्का रस्ता. आमच्या आळीत यातलं काहीही नव्हतं. पण आम्ही जिवंत होतो, आम्हाला थांबायला वेळ होता.

ठराव झाला की पाडव्यापासून सगळ्यांनी नव्या जागी जावं. पाडवा गेला, आषाढातली अखाडी गेली, कोणी फिरकलं नाही. भीती होती असं मी म्हणणार नाही, कारण गावात कोणी ते कबूल केलं नाही. प्रश्न मानाचा होता. आमच्याकडे पोळ्याला तोरणाखालून पहिली जोडी पाटलाची निघते, होळीला पहिला विस्तव पाटलाच्या हातचा, आणि एकदा ज्याचा मान ठरला तो त्याच्या घराण्यात पिढ्यानपिढ्या चालतो. मग नव्या स्मशानात पहिला मान कोणाचा? अर्थातच पाटलांचा. पोळ्याच्या मानासाठी महादेवराव बुलढाण्याच्या कोर्टापर्यंत भांडले होते. ते आता एकाएकी उदार झाले. "हरेक येळी आमीच काऊन मान घ्यावा? देशमुखायले द्या," म्हणाले. देशमुख म्हणाले, आमची काय योग्यता, शेठजींना द्या. शेठजींनी हात जोडले, आपण तर बाहेरून आलेले. इतका मनाचा मोठेपणा मी गावात पुन्हा पाहिला नाही. त्या दरम्यान जे गेले त्यांना "या खेपेपुरतं" म्हणून नाल्यावरच नेलं.

पुंजाजींचे मात्र हाल सुरू झाले. आजाऱ्याच्या घरी जाऊन बसणं हा त्यांचा जुना चांगला गुण. आता ते दारात दिसले की घरातली माणसं उठून म्हणत, "आता एकदम बरं हाय, रातच्यान दोन भाकरी खाल्ल्या." चौकात त्यांनी कोणाला तब्येत विचारली की तो म्हातारा काठी सोडून ताठ चालू लागे.

हळूहळू सगळ्यांच्या नजरा पुंजाजींच्याच घराकडे वळल्या. त्यांची आई अंबूबाई गावात सगळ्यात म्हातारी होती. दात गेले होते, जीभ शाबूत होती. तिच्या नवऱ्याला नाल्यावर एका बाभळीखाली अग्नी दिला होता, आणि त्याला तीस वर्षं होऊन गेली तरी सणाच्या दिवशी ती तिथे जाऊन भाकरीचा तुकडा ठेवी आणि घरातल्या तक्रारी सांगून येई. आमची आणि त्यांची भिंत एकच, त्यामुळे पुढचं बोलणं मी कानाने ऐकलं आहे.

"पुंजा," ती म्हणाली, "लोक मले पाहून राह्यले. मले समजत नाई का?"

"कोनी पाहत नाई, माय."

"तुह्या नकाशात माही जागा कोठी हाय, थे नोको सांगू. मले तुह्या बापाजवळ नेजो. बाभळीखाली. नेशील का नाई?"

पुंजाजींनी कागद गुंडाळल्याची सळसळ ऐकू आली. मग म्हणाले, "हाव."

त्याच वर्षी माघात डिप्टी कमिशनर साहेबांचा दौरा लागला. महादेवरावांनी पुंजाजींना बोलावून सांगितलं की जुनं स्मशान बंद झालेलं साहेबांना दिसलं तरच बाजार मंजूर होईल. नाही तर नकाशा परत येईल आणि आलेला कागद पुन्हा कोणी उघडत नाही. चार वर्षांची मेहनत अशी टांगून ठेवून त्यांनी पान लावलं. आणि साहेब यायच्या आठवड्यातच अंबूबाई गेली. आयुष्यात तिने कमिटीचं कधी ऐकलं नव्हतं, पण वेळ मात्र कमिटीच्या सोयीची निवडली.

मी खांद्याला होतो. वेशीबाहेर विसाव्याचा दगड आहे. तिथे तिरडी खाली टेकवायची, खांदे बदलायचे आणि पुढे निघायचं. रस्ता तिथेच फुटतो, उजवा नाल्याकडे, डावा शेगावकडे. विस्तवाचं मडकं ज्याच्या हातात तो पुढे, बाकीचे त्याच्या मागे. सगळे पुंजाजींच्या पाठीकडे बघत होते. ते नुसते उभे होते. मडक्यातला धूर त्यांच्या तोंडावर येत होता आणि डोळ्यांत पाणी कशाचं हे सांगता येत नव्हतं. मग ते डावीकडे वळले.

नव्या ओट्यावर अग्नी दिल्यावर ते हळूच म्हणाले, "माय, आता पन्नास वर्सं तुले कोनी हलवत नाई." जवळ होतो म्हणून मला ऐकू आलं. मला त्या माणसाचा रागही आला आणि कीवही आली.

गावाने मात्र त्यांची वाहवा केली. केवढा तत्त्वाचा माणूस, सख्ख्या आईपासून सुरुवात केली. पहिला मान कोणीतरी घेतला म्हटल्यावर बाकीच्यांना मरायला काही हरकत राहिली नाही. सगळे निमूटपणे नव्या जागी जाऊ लागले. साहेबांनी मान हलवली, बाजार मंजूर झाला. बाभूळ तोडली आणि त्या जागी कापूस मोजायचा मोठा काटा उभा राहिला. पुंजाजी आपला कापूस त्या काट्यावर कधी घेऊन गेले नाहीत. गावचा बाजार ज्यांनी आणला ते एकटे पुंजाजी गाडी जुंपून शेगावला जात. दर अमावास्येला नव्या स्मशानात जाऊन विहिरीच्या काठावर बसत. भाकरीचा तुकडा आता ते ठेवत.

गाव वाढलं, पण नकाशाकडे न बघता वाढलं. पिवळ्यात जिनं आली, निळ्यात घरं आली, हिरव्यात उकिरडे. आणि सगळ्यात जास्त गाव वाढलं ते शेगाव रस्त्याला. का वाढू नये? रस्ता खडीचा, पाणी गोड, निंबांची गार सावली. दहा-अकरा वर्षांत घरं स्मशानाच्या भिंतीला टेकली. बायका तिथल्या विहिरीवरून पाणी नेऊ लागल्या आणि धूर पुन्हा चुलीपाशी येऊ लागला.

महादेवरावांचा मुलगा शालिग्राम नागपुराहून वकील होऊन आला होता आणि कमिटीत बसला होता. त्याने नवा नकाशा मांडला. तो युसूफमास्तरांनीच काढला होता. पुंजाजींनी त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा ते म्हणाले, "भाऊ, हुकूम आला तर काढावा लागतो." नव्या नकाशात स्मशान नाल्यापलीकडच्या खडकाळ बरडावर होतं. एव्हाना कमिटीत आलेल्या देशमुख-शेठजींसकट सगळे हो म्हणाले. विरोधात एकटे पुंजाजी उभे राहिले. त्यांच्याकडे मुद्दे नव्हते. ते एवढंच म्हणाले, "तठी माही माय हाय."

शालिग्राम चांगल्या घरचा मुलगा, आवाज चढवला नाही. "काका, गाव वाढून राह्यलं. आज इचार नाई केला तर पुढच्या पन्नास वर्सानं लोक आपल्याले नाव ठेवतीन. हे तुमीच आमाले शिकवलं." वाक्य पुंजाजींचंच होतं, त्यात त्यांना चूक कुठून सापडणार. ते खाली बसले. ठराव पास झाला.

कोपऱ्यातल्या खुर्चीत महादेवराव डोळे मिटून बसले होते. आता ते नुसते सल्ला द्यायला येत. डोळे न उघडता म्हणाले, "बरड तं ठरलं. पन पयला मान कोनाचा?"

जो तो समोरचे कागद चाळू लागला. मग त्यांनीच सांगितलं, "थो पुंजाजीच्या घरचा. मांगच्या खेपेलेही त्याईचाच होता. वहिवाट हाय, आपल्याले मोडता येत नाई." यावर मात्र कोणाचं दुमत झालं नाही. देशमुखांनी मान हलवली, शेठजींनी हात जोडले. पुंजाजींची सत्तरी उलटली होती आणि त्या थंडीत त्यांना खोकला झाला होता.

बैठक उठली. पायऱ्या उतरताना शालिग्रामने त्यांचा हात धरला आणि आदराने विचारलं, "काका, तब्येत बरी हाय ना?"

मागून येणारे सगळे पायऱ्यांवर थांबले. पुंजाजींनी खोकला गिळला, काठी काखेत धरली आणि ताठ उभे राहून म्हणाले, "एकदम बरं हाय. रातच्यान दोन भाकरी खाल्ल्या."