तेल घाल

"ताई, तेल घाल," मोटारीच्या खिडकीतून एक पोरगी ओरडली आणि वळणाआड गेली.

सायकलवरच्या बी-यूनने दातओठ खाल्ले. तैवानात सायकलवाल्याला धीर देतात तो असाच: तेल घाल, म्हणजे जोर लाव, थांबू नको. सकाळपासून पंपावरच्या बाईने घातलं, सुपारीच्या टपरीवाल्याने घातलं, शाळेच्या सहलीने तर कोरसमध्ये घातलं. आणि कुणाला? चांगहुआच्या बाजारात वीस वर्षं कढईपाशी उभं राहून कोंबडी तळणाऱ्या बाईला, जिच्या केसांना, उशीला, देवापुढच्या उदबत्तीलासुद्धा तळणाचा वास येतो.

त्या वासाला विटूनच ती चार दिवसांपूर्वी निघाली होती. नवऱ्याशी, रोंग-फाशी, सौदा झाला होता. एकटीने सायकलवर बेटाची अख्खी फेरी केली, तर कढई त्याची आणि गल्ला तिचा. वाटेत एकदा जरी कुणाच्या गाडीत बसली, तर झारा पुन्हा तिच्याच हातात.

उजवीकडे समुद्र होता, पण बघणार कोण. उन्हाचं मलम घामात विरघळून दुधासारखं डोळ्यांत उतरत होतं. बाटलीतल्या पाण्याला प्लास्टिकची चव आली होती. चढाच्या कडेला चिरडलेला साप, त्यावर माशा, पुढे कुणीतरी थुंकलेली तांबडी सुपारी. आणि खालून सायकल दर पायडलला कण्हत होती.

फोन वाजला. रोंग-फा.

"कुठे आहेस?"

"चढावर."

"मघाशीही चढावरच होतीस."

"तो संपला. हा दुसरा."

"उन्हात मरशील. एखादा ट्रक थांबव. मी कुणाला सांगणार आहे का?"

"लोकांना नाही सांगणार. मला मात्र रोज ऐकवशील, झारा हातात देऊन."

"बरं बाई. तेल घाल."

तिने फोन बंद केला.

पुढच्या वळणावर पाय उचलेनात. ती उतरली, तशी शेजारी एक छोटा ट्रक येऊन थांबला. मागे गवत कापायचं यंत्र, स्टिअरिंगवर नामोह नावाचा म्हातारा, तिथल्याच अमिस जमातीचा.

"चल, सायकल टाक मागे. वर सोडतो."

"नको, आजोबा."

"अगं, माकडांशिवाय बघतंय कोण इथे?"

खरंच कुणी नव्हतं. बी-यूनने दाराला हात लावला. दार उघडलं, थंड हवा तोंडावर आली, पायही उचलला. आणि नाकात वास शिरला. सीटवर तेलाने पारदर्शक झालेली कागदी पिशवी. तळलेली कोंबडी.

"घे की," नामोह म्हणाला, "गरम आहे."

तिने दार लावून टाकलं. "मी चालत जाईन. रांगत जाईन."

"मर्जी तुझी. पण आधी तेल घाल."

तिचा तोल सुटला. "तुम्हीपण? तुमच्या घरात घाला. पिंपभर घाला आणि त्यात बसा."

हसता हसता म्हाताऱ्याला ठसका लागला. "साखळीला म्हणतोय, बाई. खालच्या वळणापासून ऐकतोय, रडतेय बिचारी. गेल्या पावसानंतर पुसली तरी होतीस का?"

पुसली नव्हती. चार दिवस त्या शब्दाचा इतका तिटकारा केला होता, की खरंच तेल घालायचं तिला सुचलंच नव्हतं.

त्याने गवताच्या यंत्राच्या तेलाची बाटली दिली. टोपणाची नळी बुजलेली. शेवटी टोपण काढून, तळहातावर ओतून बोटांनीच साखळी माखावी लागली. काळं, चिकट, कोमट. नखांत गेलं, मनगटावरून ओघळलं. तोंड वाकडं करून तिने सगळी साखळी माखली, हात गवताला पुसले आणि सायकलवर बसून निघाली. नामोह ट्रक घेऊन मागून हळूहळू आला. दोनदा "बसतेस?" विचारलं, दोनदा तिने नको म्हटलं.

माथ्यावर पोचल्यावर ती आधी झुडपात ओकली. मग काळ्या बोटांनी फोन लावला.

"चढले."

"ट्रकने?"

"पायांनी."

पलीकडे बाजाराची गडबड चालली होती. त्यातून रोंग-फा हळूच म्हणाला, "ऐक, सकाळी कढईत तेल किती घालतेस तू? मला माहीत नाही."