परवानगी लागत नाही

आमचा बा मेंढरं राखायचा. सुगी झाली की कळप घेऊन तो कुरुंद्याकडून निघायचा, आखाडा बाळापूर ओलांडून पार विदर्भाच्या हद्दीला जायचा, आणि वाटेत लेंडीखतासाठी कळप वावरात बसवायला बांधाबांधावर थांबून विचारायचा, "मालक, बसवू का मेंढरं?" ज्या वावरात वर्षानुवर्षं आमचा कळप बसत आला, तिथंही तो दरसाली नव्यानं विचारायचा. मालक वावरात नसला तर मेंढरं रस्त्यावर उभी आणि हा गावभर मालकाला शोधत हिंडतोय. मला त्याची फार लाज वाटायची. शिकून असं काम करायचं की कोणाला काही विचारायला नको, हे मी शाळेतच ठरवून टाकलं होतं.

काम मिळालं ते नेमकं उलटं. कोणी कोणाला काय विचारायचं, हे लिहून काढायचं.

दोन हजार साल उलटून गेलं होतं. आमच्याच जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कचेरीत मी कॉम्प्युटरवर होतो. तालुका कोणता ते सांगत नाही. रेशनकार्डांची यादी जाडजूड रजिस्टरांतून नुकतीच कॉम्प्युटरवर चढली होती. साहेब म्हणाले, "कोणती कमांड दिली की काय होतं आणि तिला कोणाची परवानगी लागते, त्याचा एक कागद कर. भिंतीवर लावून टाकू." मी ऐटीत तक्ता आखला. नाव पाहणं, कोणीही. नवं नाव भरणं, ऑपरेटर. नावात बदल, कारकुनाची सही. नाव काढणं, साहेबांची लेखी परवानगी.

शेवटी एक कमांड उरली, यादी नव्यानं बांधण्याची. ती दिली की घरोघर जाऊन केलेल्या पडताळणीची खूण असलेली कुटुंबं तेवढी यादीत राहतात, बाकीची गळतात. तिला परवानगी लागते का, ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. जिल्ह्याला फोन लावून विचारता आलं असतं. पण विचारण्याचा मला जन्माचा तिटकारा. मी यादीची एक नक्कल केली आणि तिच्यावर ती कमांड चालवून पाहिली. मशीननं अडवलं नाही. मी लिहिलं, "परवानगी लागत नाही."

मशीन अडवणार कसं? मी बसलो होतो साहेबांच्या पासवर्डनं. साहेब कॉम्प्युटरला हात लावायचे नाहीत, त्यांचा पासवर्ड चिठ्ठीवर माझ्या खिशात असायचा, आणि सकाळी आल्याबरोबर तोच टाकायची मला सवय लागली होती. साहेबाला कोण अडवतं? एवढी साधी गोष्ट मला तेव्हा सुचली नाही.

पुढं कचेरीत एक नवी ऑपरेटर आली. शेतकऱ्याच्या घरची पोरगी, रोज जीपच्या मागच्या फळीवर दाटीवाटीनं बसून यायची. घरी हळदीचं काम, त्यामुळं तिची बोटं कायम पिवळी. माझ्या त्या कागदावरून बोट फिरवत ती एकेक ओळ वाचायची, आणि कागदाच्या कडेला पिवळे ठसे उमटले होते. वाचूनही ती विचारायचीच. "सर, प्रिंट काढू का?" "सर, डबा खायला जाऊ का?" मला बा आठवायचा आणि डोकं फिरायचं.

साहेब रजेवर होते, तेव्हा जिल्ह्यानं ताजी यादी मागितली. मी तिला यादी बांधायला सांगितलं. थोड्या वेळानं ती आली. "सर, मशीन न्हाई म्हणून राहिलं. परवानगी न्हाई म्हणतंय."

मी भिंतीकडं बोट दाखवलं. "काय लिहिलंय तिथं?"

"लागत न्हाई असं लिहिलंय."

"मग मशीन चुकतंय."

मशीन बरोबर होतं, ती स्वतःच्या पासवर्डनं बसली होती. पण आमच्या कचेरीत कागद खरा, बाकीच्यांनी कागदाला जुळवून घ्यायचं. मी साहेबांच्या पासवर्डनं तिच्या नावाला ती मुभा देऊन टाकली.

"सर, तरीबी साहेबाला एकदा इचारू का?"

"काहून सारखं इचारतीस? दे कमांड."

तिनं दिली. पडताळणी झाली होती ती सुगीनंतर. तेव्हा मेंढपाळांची घरं बंद, माणसं कळपांमागं गेलेली. खूण त्यांच्यातल्या कोणाच्याच नावापुढं नव्हती. मला, मेंढपाळाच्या लेकाला, हे कळायला पाहिजे होतं. आमचीच सगळी माणसं यादीतून गळाली. रेशनच्या दुकानातून बायका रिकाम्या पिशव्या घेऊन परतायला लागल्या, तेव्हा गवगवा झाला. जुनी यादी परत चढेपर्यंत महिना गेला.

चौकशीला जिल्ह्याहून एक अधिकारी येणार होते. त्याच्या आदल्या दिवशी, सगळे चहाला गेले असताना, मी तो कागद उतरवला. शेवटच्या ओळीत "साहेबांची लेखी परवानगी" असं केलं, नवी प्रिंट काढली, वर जुनीच तारीख टाकली आणि भिंतीला चिकटवली. जुना कागद फाडून तुकडे खिशात घातले. आज हे लिहितानाही कान तापतात.

अधिकाऱ्यांनी तिला विचारलं, "कोणाच्या परवानगीनं केलं?"

"परवानगी लागत न्हाई सर. तिथं लिहिलंय." ती कागदापाशी गेली. पांढराशुभ्र कागद, एकही पिवळा ठसा नाही. तिनं शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं, वाचलं आणि माझ्याकडं पाहिलं. "सर तिथंच व्हते," ती हळू म्हणाली. "म्या इचारलं व्हतं त्यांना."

अधिकारी माझ्याकडं वळले. मी म्हणालो, "मी जागेवर नव्हतो."

त्याच दिवशी तिला काढलं. पाच वाजता तिनं डब्याची पिशवी उचलली, दाराशी थांबली आणि रोजच्यासारखंच विचारलं, "सर, जाऊ का?" मी स्क्रीनवरची नजर न काढता "हं" म्हणालो.

रविवारी गावी गेलो. दुपारी बा आणि मी जेवायला बसलो होतो. शेजारच्या चुलतीचं नाव यादीत परत आलं, हे मी त्याला सांगितलं. त्यानं मान हलवली.

"कुणाच्या हातून झालं व्हतं ते?"

"एका पोरीच्या. काढलं तिला."

बा घास हातात धरून थांबला. "काढलं? तिनं कुणाला इचारलं न्हवतं का?"

मी ताटात बघत म्हणालो, "न्हाई."

"मंग बराबर झालं," बा म्हणाला, आणि त्यानं माझ्या ताटात आणखी एक भाकर वाढली.