मेव्हण्याची पोचवही

माणसं कागदाला भितात हे जगजाहीर आहे. पण कागदच ज्याला भितो असा माणूस सबंध जालना जिल्ह्यात मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या नात्यात निघाला. माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. मी चौथी शिकलेला. उभी हयात जुन्या जालन्यातल्या धान्याच्या दुकानांत मापाडी म्हणून गेली. आमच्या धंद्यात सगळं तोंडी. पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, मग दोन, मग तीन. मी मोठ्यानं म्हटलं की गादीवरच्या मारवाडी शेठपासून पोतं घेऊन आलेल्या धनगरापर्यंत कोणी दुसऱ्यांदा विचारत नसे. असा मी; आणि मेव्हणा असा, की माझ्या घरी लोणच्याची बरणी आणली तरी उंबऱ्यातच थांबायचा, काखेतल्या पिशवीतून वही काढायचा, 'कैरीचं लोणचं, बरणी एक, झाकणासह' असं लिहायचा आणि म्हणायचा, "दाजी, पोच द्या."

पोच म्हणजे वस्तू मिळाल्याची सही. सरकारी हापिसात अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का देतात, तीच. मी म्हणायचो, "अरे येड्या, चार दिवसांत बरणी रिकामी होईल, तीच पोच समज." तो हसायचा नाही. "रिकामी बरणी कोर्टात चालत न्हाई, दाजी."

हे वेड त्याला जन्मापासून नव्हतं. मायबाप लवकर गेले, तेव्हा माझी बायको त्याला बोटाला धरून माझ्या एका खोलीच्या घरात घेऊन आली. खोटं कशाला सांगू, मी कटकट केली. ती म्हणाली, "त्याच्या वाटची भाकर माझ्यातून जाईल. तुम्ही निस्तं गप बसा." ती स्वतः शाळेची पायरी चढली नव्हती. पण भाऊ मास्तर झाला पाहिजे हे तिनं धरलं, आणि तो झाला. डीएड पास होऊन भोकरदन तालुक्यात, पिंपळगाव रेणुकाईच्या पलीकडच्या एका गावात, अनुदानाच्या शाळेला लागला. त्या दिवशी ती गल्लीभर साखर वाटत हिंडली.

अनुदानाच्या शाळेत मास्तरला नेमते संस्था, पण पगार सरकारचा. म्हणून खात्याची मान्यता लागते. मान्यतेसाठी हापिसातल्या एका बाबूनं डीएडचं अस्सल प्रमाणपत्र मागितलं. ह्यानं टेबलावरून दिलं आणि नमस्कार करून आला. पोच घेतली नाही. का? तर, "मानूस चांगला वाटला." सहा महिन्यांनी हापीस म्हणालं, तुमचं प्रमाणपत्र आमच्याकडं आलंच नाही. धावाधाव करून त्यानं दुसरी प्रत काढली. ती हातात यायला तीन वर्षं गेली, आणि तिच्यावर तारीख पडली ती छापल्या दिवसाची. खात्यानं ती तारीख धरली. म्हणजे तीन वर्षं हा बिनशिकलेला मास्तर, तोवर त्याला पगारही बिनशिकलेल्याचा, आणि नंतर लागलेली पोरं ज्येष्ठतेच्या यादीत ह्याच्या डोक्यावर!

मी म्हणालो, "सोडून दे. तू मास्तरच हायेस, नोकरी तर हाये ना? पगारात चार पैसे कमी, एवढंच ना."

तो खालमानेनं भाकरी मोडत होता. म्हणाला, "पैशाचं सोडा, दाजी. त्या तीन वर्षांत मी पोरांना वाचायला शिकवलं. ते कोनी शिकवलं मंग?"

उत्तर बायकोनं दिलं. ती म्हणाली, "लढ."

एकोणीस वर्षं लढला. संस्थेला अर्ज, खात्याला अर्ज, शेवटी संभाजीनगरला हायकोर्ट. एष्टीत बसला की कागदांची पिशवी छातीशी धरायचा, एकदा कंडक्टर म्हणाला, "मास्तर, लेकरू खाली ठिवा, बाईला बसू द्या." हा उठून उभा राहिला, बाईला जागा दिली, लेकरू काही खाली ठेवलं नाही. शासनाचे निर्णय त्याला तारीखवार पाठ, जशी कुणाला आरती पाठ असते. कोर्टात त्याचा वकील पानं चाळत अडला, तर ह्यानं मागच्या बाकावरून हळूच म्हटलं, "साहेब, पान एक्काहत्तर, खालून चौथी ओळ." वकिलाच्या आधी न्यायाधीशांनीच ते पान काढलं. मी त्या दिवशी सोबत गेल्तो. चौथी शिकलेला माणूस मी, पण एवढं मला कळलं. एवढ्या मोठ्या दालनात, एवढ्या काळ्या कोटांत, आपल्या घरी भाकरी खाऊन वाढलेलं पोर सांगतंय आणि कोर्ट पान उलटतंय!

दावा दाखल केला तेव्हा एक प्रत घेऊन तो रेणुकाईच्या देवळात गेला. पायाशी ठेवली, हात जोडले, आणि पुजाऱ्यापुढं वही धरली. पुजारी म्हणाला, "मास्तर, देवीची सही कशी आनू?" हा म्हणाला, "देवीच्या वतीनं तुम्ही करा. येळ पन टाका." पुजाऱ्यानं केली. लग्नात आहेर दिला की नवरदेवाची सही. वर्गातल्या पोरानं बापाची चिठ्ठी आणली, 'पोटात दुखत असल्यामुळे काल आला नाही', तर पोराच्या हातात पोच. त्या गावातली पोरं आता घरी भांडतात: "आय, मी घागर भरून ठिवली, पोच दे."

मी ह्या वहीवर कधी सही केली नाही. मापाड्याचा शब्द हीच सही, असा माझा ताठा. मग देणार कोण? बायकोला तर अक्षर येत नव्हतं. तेव्हा त्यानं पाटी आणली. मी दुकानावर गेलो की भाऊ मास्तर आणि बहीण विद्यार्थीण. महिन्याभरात तिनं 'सुभद्रा' लिहिलं. पहिली सही अर्ध्या पानाएवढी, त्यातलं 'द्र' पोतं कलंडावं तसं कलंडलेलं. माझ्यापुढं वही नाचवत म्हणाली, "बघा! तुम्ही शिकलेले असून देत न्हाई, मी देऊन राह्यले." त्यानंतर त्या घरात शेवयांची, सांडग्यांची, हिवाळ्यात आणलेल्या बोरांची, सगळ्याची पोच तिनं दिली. वह्या भरत गेल्या. 'द्र' हळूहळू सरळ उभं राहिलं.

कोर्टाची तारीख तिला माझ्या औषधापेक्षा जास्त ध्यानात. मागच्या वर्षी ती दुखण्यानं अंथरुणाला खिळली, तरी दर रविवारी भाऊ आला की पहिला सवाल तोच. तो उशाशी बसून वकील काय बोलला ते सगळं सांगायचा. नंतर पपई नाहीतर चिकू, आणि वही. निजल्या निजल्या सही करायची. एकदा त्याचा हात धरून म्हणाली, "निकाल लागला की आधी मला सांग. वकिलाला पेढा नंतर दे."

पोळ्याच्या आधल्या आठवड्यात ती गेली. निकाल दिवाळी झाल्यावर लागला.

तो भर दुपारी आला. इस्त्रीचा सदरा, काखेत पिशवी, हातात पेढ्यांचा पुडा. माझ्याशी एक शब्द न बोलता तिच्या फोटोसमोर मांडी घालून बसला. निकाल इंग्रजीत, त्यानं बोट ठेवून ठेवून मराठीत सांगितलं. मला नाही, तिला. "अक्का, कोर्ट म्हनतंय, मानूस पास झाला त्या दिवशीच शिकलेला झाला. कागद कधी छापला त्याच्याशी संबंध न्हाई. पहिल्या दिवसापासून मी मास्तरच व्हतो, अक्का."

मी खाटेवरून म्हणालो, "हे मी तुला एकोणीस वर्षं फुकट सांगत व्हतो."

"तुम्ही तोंडी सांगत होते, दाजी," तो म्हणाला, आणि पहिल्यांदा हसला. मग सवयीनं वही काढली. 'निकालाची प्रत, एक' हे घरूनच लिहून आणलेलं होतं. पान उघडून त्यानं फोटोकडं पाहिलं, आणि वही मिटून पिशवीत घातली. "येतो," म्हणाला. निकाल तिथंच, पेढे तिथंच, आणि हा पोच न घेता पायऱ्या उतरून चालला.

एकोणीस वर्षांत मी असं पाहिलं नव्हतं. मला ते बघवेना. अनवाणीच गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो आणि ओरडलो, "ए मास्तर! वही आन इकडं!"

तिथं उभ्या असलेल्या रिक्षाच्या टपावर वही टेकवून मी सही केली. वर तिची शेवटची सही होती; 'द्र' पुन्हा कलंडलेलं. त्यानं सही निरखून पाहिली आणि म्हणाला, "तारीख टाका, दाजी." मी तारीख टाकली.

आता तो दर रविवारी येतो. काही ना काही आणतोच, आणि वही मी मागून घेतो. सही झाली तरी जल्दी परत देत नाही, मागची पानं उलटत बसतो. त्यालाही घाई नसते. गेल्या रविवारी त्याच्या पिशवीतून चालू वहीबरोबर एक जुनी, कोपरे झिजलेली वही निघाली. पहिली. ती अर्ध्या पानाची सही असलेली. "चुकून आली वाटतं," तो भिंतीकडं बघत म्हणाला, "आता राहू द्या तुमच्याकडं."

त्याच्या हातून कागदाची चूक होत नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. मी वही घेतली, उशाखाली ठेवली. मग त्यानं चालू वही पुढं केली. तिच्यात लिहिलं होतं, 'जुनी वही, नग एक'. मी पोच दिली.