पांढरेच राहिलेले मीठ

रविवार, १६ जून २०२४, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे. बोईसरमधल्या आमच्या भाड्याच्या खोल्यांसमोर बशा मांडल्या होत्या. प्रत्येकीत त्या त्या घरचे चिमूटभर मीठ. मी तारापूरच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत काम करते. थेंबभर द्रावणाने मिठातले आयोडीन दाखवणारी बाटली मीच हौसेने आणली होती.

निमित्त भावजयीचे. तिला पाचवा महिना होता, भर उन्हाळ्यात हातपाय गार पडत, आणि थायरॉईडचा रिपोर्ट बिघडला होता: टीएसएच ७.८. डॉक्टरांनी गोळी सुरू केली होती. बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉईडच्या संप्रेरकावर अवलंबून असते आणि त्याला आयोडीन लागते, हे मी तिला आकृती काढून समजावले होते. आमच्या मिठाविषयी मात्र मला शंका नव्हती, कारण ते मी निवडलेले होते. केळव्याकडच्या मिठागरातून खडे मीठ आणून मी साऱ्या शेजाराला सांगितले होते: समुद्राचे आहे, आयोडीन असणारच, पिशवीतले कशाला घेता?

पहिला थेंब शेजारच्या बिहारी भाभींच्या पिशवीतल्या मिठावर पडला. ते जांभळे झाले. आमचे पांढरेच राहिले. मी पुन्हा थेंब टाकला. पांढरेच. पुढच्या बशाही तशाच.

"मॅडम का नमक तो फेल हो गया!" भाभी खिदळल्या.

पलीकडच्या खोलीतल्या, मूळच्या शिरगावच्या मावशी हसल्या नाहीत. "आमी तुज्याच सांगन्यावरून बदललं, बाय. माज्या सुनेला पन दिवस हायेत."

समुद्राच्या पाण्यातले आयोडीन मिठात जेमतेम उरते. ते नंतर मिसळावे लागते. हे मी शिकले होते, पण आमचे मीठ एकदाही पडताळले नव्हते. एका बशीवरून आजाराचे कारण सिद्ध होत नाही, हेही खरेच. पण ते वाक्य तेव्हा उच्चारणे म्हणजे पळ काढणे होते.

"माझं चुकलं," मी म्हणाले. ते कोणाला ऐकू गेले की नाही, कळले नाही.

"मावशी, ताईंनी चांगल्यासाठीच सांगितलं होतं," भावजय म्हणाली. तिचा गार हात माझ्या पाठीवर होता. तो झटकावासा वाटला.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी मावशींच्या सुनेला रक्त तपासायला नेले. तिचा रिपोर्ट ठीक आला. मावशी तरीही आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

भावजयीची फेरतपासणी जुलैअखेरीस झाली. टीएसएचचा आकडा अडीचच्या खाली हवा, असे डॉक्टरांनी सांगितले होते. रिपोर्टचे पाकीट माझ्या हाती देत तिने विचारले, "ताई, पास का?"

३.४.