अप्पांनी फ्रिजला शिवलेला झगा

मंडळी, नवा एसी गार करत नाही म्हणून मुलगा आज सकाळपासून कुरकुरत होता. बाल्कनीत जाऊन बघते तर काय, धूळ बसू नये म्हणून त्यानं एसीच्या बाहेरच्या पेटीला जाड कव्हर घातलेलं!

मला ऐंशीच्या दशकातलं हुबळीचं घर आठवलं. माझ्या वडिलांचं, अप्पांचं, तिथल्या दुर्गदबैल बाजारात कापडदुकान. घरी पहिला फ्रिज आला, तर मागची काळी जाळी उघडी दिसते म्हणून अप्पांनी त्याला मखमली झगा शिवला. दूध नासायला लागलं.

शेवटी थोरल्या अक्कानं मागं हात घातला. "अप्पा, आतली सगळी ऊब इथं अडकलीय बघा. जाऊ दे की तिला बाहेर!"

आज कव्हर मी काढलं. मुलानं अप्पांना पाहिलेलंही नाही, तरी हा गुण उतरलाच. तुमच्याकडेही यंत्रांना कपडे घालतात का हो?