खंडेनवमीला बंद असलेला सर्व्हर

ग्वाल्हेरच्या दाना ओलीतले संभाजीराव निवृत्तीनंतर जावा ही प्रोग्रामिंगची भाषा शिकले. पूर्वज फौजेत होते हे ते अजून सांगतात; स्वतः जन्मभर कचेरीत फायली सांभाळल्या, हे कधी सांगत नाहीत. शिकल्या विद्येतून त्यांनी सहा वर्षांपूर्वी गावातल्या रक्तदात्यांची यादी वेबवर आणली. रक्तगट टाकला की नाव आणि नंबर समोर. दवाखान्यांतून लोक ती बघू लागले आणि काकांची मान ताठ झाली.

ती चालवणारा प्रोग्राम, म्हणजे सर्व्हर, कोणता घ्यावा, यावर त्यांनी महिनाभर माझं डोकं खाल्लं. मी पुष्कर, शेजारचा, याच धंद्यातला. अवजड सर्व्हर नाकारून त्यांनी टॉमकॅट निवडला; हलका, घरच्या जुन्या कंप्युटरला पेलणारा. इथवर ठीक. पण तो एखाद्या कंपनीच्या, चोवीस तास चालू राहणाऱ्या भाड्याच्या मशीनवर ठेवा म्हटलं की बिथरायचे. आपला घोडा परक्याच्या दारी का बांधायचा, म्हणायचे. वीज जाऊन आली की टॉमकॅट आपोआप सुरू व्हावा, एवढी सोयही करू देईनात. घरात मी आहे ना, हेच उत्तर. शेवटी मी हात टेकले.

यंदा नवमीला दुपारी माझ्या बहिणीला, सीमंतिनीला, बाळंतपणात फार रक्तस्राव झाला. बी निगेटिव्ह रक्त दवाखान्यात शिल्लक नव्हतं. दोन तासांत आणा, म्हणाले. मी यादी उघडायला गेलो, उघडेना. काका फोन उचलेनात. धावत त्यांच्या घरी गेलो आणि दारातच थिजलो.

पाटावर पणजोबांची तलवार, शेजारी कंप्युटर. त्याला हळदकुंकू, वर झेंडूची माळ, वायर काढून नीट गुंडाळलेली. खंडेनवमीला हत्यारं पुजायची आणि त्या दिवशी वापरायची नाहीत, हे आमच्यात कोण जाणत नाही? पण यांनी सर्व्हरही त्यात बसवला होता. नवरात्रात मी आजवर दर वर्षी इंदूरला असायचो, यंदाच बहिणीसाठी थांबलो होतो, म्हणून मला पत्ताच नव्हता.

"काका, सीमंतिनीला खून पाहिजे. बी निगेटिव्ह. तुमची लिस्टच खुलत नाहीये."

काकांनी माळ ओढून बाजूला फेकली आणि वायर लावली. पासवर्ड दोनदा चुकला. काकू, शालिनीताई, नैवेद्याचं ताट हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. टॉमकॅट सुरू व्हायला लागलेली ती काही मिनिटं मी जन्मात विसरणार नाही. यादी उघडली. पहिलंच नाव दौलतगंजच्या दौलतसिंहांचं होतं, आणि ते जेवणावरून उठून आले.

सीमंतिनी वाचली. संध्याकाळी ते सांगायला गेलो तर काका अजून त्याच खुर्चीत, जमिनीवर झेंडूच्या पाकळ्या तशाच. उद्याच भाड्याचं मशीन बघ, म्हणाले. सहा वर्षांनी जिंकलो, असं मला वाटलं.

मग त्यांनी विचारलं, "मागच्या नवम्यांना यादी कुणी उघडून पाहिली, ते कुठे दिसेल?"

चालू सर्व्हर आलेल्याची नोंद ठेवतो. बंद असताना कोण येऊन परत गेलं, ते कुठेच राहत नाही. मी तसं सांगितलं.

काकांनी बोटांवर मोजलं.

"याआधी पाच नवम्या झाल्या, पुष्कर," ते म्हणाले.